ओढवून घेतलेली कळ

दात पांढरे करून घेतल्यानंतर एक-दोन दिवस अनेकांना माठातलं पाणीसुद्धा तोंडात धरवत नाही. गार वारा लागला तरी पुढच्या दातांत सणक उठते आणि क्षणभर ती थेट डोक्यात गेल्यासारखी वाटते. ही तक्रार घरात बोलून दाखवली की पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: “मग तुला सांगितलं होतं कुणी करायला?” दुसरं उत्तर जरा मायेचं असतं: “चांगलं दिसायचं म्हणजे थोडं सोसावं लागतंच.” बोलणाऱ्याला जाणीव असो वा नसो, या दोन्ही उत्तरांमागे धर्मविचार उभा आहे. पहिल्यात कर्मसिद्धांत आहे: आपण केलं, आपणच भोगायचं. दुसऱ्यात तपाची कल्पना आहे: काही मिळवायचं तर देह झिजवावा लागतो. एक उत्तर शिक्षेचं, दुसरं साधनेचं. पण दोन्ही शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, की मुकाट्याने सोस. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हौसेपायी ओढवून घेतलेल्या वेदनेलाही उपचाराचा आणि आस्थेचा पूर्ण हक्क आहे, आणि आपल्या धर्मपरंपरा नीट वाचल्या तर त्याही हेच सांगतात.

हा विचार हिंगोली जिल्ह्याच्या आधाराने मांडायला कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. पण देहाचं काय करायचं, या प्रश्नाची किती उत्तरं इथे शेजारी शेजारी नांदतात! औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग इथलं. परंपरा ज्यांचा जन्म १२७० चा मानते त्या नामदेवांचं नर्सी इथलं. औंढा तालुक्यातच शिरड शहापूरला मल्लिनाथांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव उभे राहिलेले बुद्धविहार आहेत, आणि मिस्वाकने दात घासणं हे सुन्नत मानणारी मुस्लिम वस्ती आहे. यातल्या प्रत्येक परंपरेने दाताबद्दलही काही ना काही म्हटलं आहे. दात ही किरकोळ गोष्ट आहे, एवढ्याशा दुखण्यावर एवढा मोठा प्रश्न कशाला टांगायचा, असं कुणी विचारेल. माझ्या मते लहान दुखण्यातच आपला खरा विचार उघडा पडतो. कर्करोग झालेल्या माणसासमोर आपण जीभ आवरतो. तंबाखू खात होता हे मनात आलं तरी ओठांवर येऊ देत नाही. दाताच्या कळेसमोर आवरायची गरज वाटत नाही, म्हणून मनातलं तसंच बाहेर येतं.

आधी ही कळ म्हणजे काय ते पाहू, कारण वेदनेला अर्थ चिकटवण्यापूर्वी तिचं कारण माहीत करून घेणं हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि त्याला स्वतःची संवेदना नसते. त्याखालच्या डेंटिनमध्ये मात्र अतिसूक्ष्म नलिका असतात. त्यांच्यात द्रव भरलेला असतो आणि त्या दाताच्या गाभ्यापर्यंत, जिथे नसा आणि रक्तवाहिन्या असतात तिथपर्यंत, पोचतात. थंड, गोड किंवा आंबट लागलं की हा द्रव हलतो आणि त्या हालचालीने नस चेतते. स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रेनस्ट्रोम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी ही गोष्ट पक्की केली. दात उजळवण्याच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. दहा टक्के कार्बामाइडमधून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. रात्री साच्यात असं जेल घालून दात उजळवण्याची पद्धत हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिथून ती जगभर गेली. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो, की इनॅमल आणि डेंटिन ओलांडून तो काही मिनिटांत गाभ्यापर्यंत जातो. वाटेत तो रंगद्रव्यं फोडतो म्हणून दात उजळतो, आणि गाभ्याला सौम्य दाह देतो म्हणून कळ येते. जेल जितकं तीव्र आणि जितका वेळ जास्त, तितका त्रास अधिक. हिरड्या खाली सरकल्या असतील, दाताला भेग किंवा कीड असेल, वर्षानुवर्षं मिश्री घासून मुळाजवळचं आवरण झिजलं असेल, तर त्रास आणखी वाढतो. उपचार थांबवला की बहुतेकांची कळ काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत ओसरते. या सगळ्या हकिकतीत पाप कुठे नाही आणि पुण्यही कुठे नाही. ज्या माणसाने फक्त मिरवण्यासाठी दात उजळवले आणि ज्याने एखाद्या नाटकातल्या भूमिकेसाठी उजळवले, त्या दोघांच्या दातांत द्रव सारखाच हलतो.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. आपलं कर्म आपण भोगायचं, या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. कृतीला परिणाम असतो, ही एक. परिणाम आला की तो कमी करायचा प्रयत्न करू नये, ही दुसरी. पहिली खरी आहे. दुसरी तिच्यातून निघत नाही, आणि ती निघत नाही हे आपल्याच वैद्यकाने फार पूर्वी ठरवून टाकलं आहे. चरकसंहितेत रोगांच्या कारणांत प्रज्ञापराधाला मोठं स्थान आहे: बुद्धी, धीर आणि स्मृती ढळल्यामुळे माणूस जाणूनबुजून किंवा विसरून अहिताचं वागतो आणि आजारी पडतो. म्हणजे रोग स्वतःच ओढवून घेतलेला असतो, हे चरकाला पूर्ण मान्य आहे. पण त्यापुढे तो ग्रंथ मिटत नाही. त्याच रोगांच्या चिकित्सेसाठी तो अध्यायांमागून अध्याय लिहितो. रोग्याची चूक हा तिथे निदानाचा भाग आहे. ती कळली की पुढे काय टाळायचं ते कळतं. उपचार नाकारायचं कारण म्हणून ती येत नाही. चरकसंहितेच्याच विमानस्थानात आयुष्याची मर्यादा दैवावर अवलंबून आहे का, असा प्रश्न येतो, तेव्हा उत्तर दिलं जातं की दैव आणि पुरुषप्रयत्न या दोहोंवर; सारं आधीच ठरलेलं असतं तर औषध, पथ्य, सावधगिरी यांना अर्थच उरला नसता. स्वतः ओढवलेल्या दुखण्याला वैद्य नाही, हा नियम लावला तर अतिखाण्याने झालेलं अजीर्ण, व्यसनाने आलेला खोकला, बेफिकिरीने झालेला अपघात, सगळेच दारातून परत पाठवावे लागतील. मग वैद्याकडे उरेल तरी कोण?

बौद्ध परंपरेत तर हा प्रश्न अगदी सरळ विचारला गेला आहे. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सारं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, त्याबद्दल आपलं मत काय. बुद्ध ते मान्य करत नाही. पित्त, कफ, वात, त्यांचं मिश्रण, ऋतूतला बदल, देहाची अयोग्य काळजी, बाहेरचा आघात अशी वेदनेची अनेक कारणं तो सांगतो, आणि कर्मविपाक हे त्या यादीतलं फक्त एक, शेवटचं कारण. सारं काही कर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवापलीकडे आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्यापलीकडे उडी घेतात, असं तो म्हणतो. हे फार महत्त्वाचं आहे. कर्मसिद्धांत नाकारून नव्हे, तो मानूनच बुद्ध सांगतो की समोरच्याच्या दुखण्याचा हिशेब मांडायची घाई करू नका. दातांच्या इतिहासात या घाईचं एक ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१ मध्ये गेलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या माणसांचे दात तपकिरी डागांनी भरलेले दिसले. लोक कारणं सांगत होते: डुकराचं मांस फार खाल्लं, दूध निकस प्यायलं. खरं कारण १९३१ मध्ये सापडलं. ते माणसांच्या वागण्यात नव्हतं, पिण्याच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडमध्ये होतं. हिंगोलीला लागून असलेल्या नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत हेच फ्लोराइड आजही बोअरच्या पाण्यातून लहान मुलांच्या दातांवर उमटतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे एक मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड. लहानपणी त्याहून अधिक फ्लोराइड पोटात गेलेल्या मुलीने विसाव्या वर्षी दातांवरचे डाग काढायला जेल लावलं आणि तिला कळ आली, तर ती कळ कुणाच्या कर्माची?

दुसरं उत्तर, सोसण्याला तप मानणारं, वरकरणी अधिक उदात्त दिसतं. म्हणून ते अधिक धोक्याचं आहे. शिक्षा म्हटलं की माणूस निदान चिडतो. तप म्हटलं की तो मान डोलावतो आणि कळ येत असतानाही जेलचा पुढचा हप्ता भरतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचं जे वर्गीकरण आहे ते इथे शब्दशः लागू पडतं. सत्कार, मान, पूजा यांच्यासाठी किंवा दिखाव्यासाठी केलेलं तप राजस, आणि त्याचं फळ टिकत नाही. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, शास्त्राला न धरता दंभाने आणि हट्टाने देह कष्टवणारे लोक देहातल्या भूतसमुदायाला आणि त्यात राहणाऱ्या ईश्वरालाही कष्टवतात, असं म्हटलं आहे. वेदना किती सोसली यावर तपाची किंमत ठरत नाही, ती कशासाठी आणि कुठल्या विवेकाने सोसली यावर ठरते. दिसण्यासाठी सोसलेली कळ या मोजमापात फार तर राजस ठरते. ती सोसल्याने माणूस वाईट ठरत नाही, पण तिला पवित्र म्हणायचंही कारण नाही. आणि ती पवित्र नसेल, तर ती कमी करण्यात काही भंग पावत नाही.

इथे शिरड शहापूरची परंपरा एक खरा आक्षेप उभा करते आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन हा एक गुण आहे: मुनी दात घासत नाहीत. अस्नान आणि केशलोचही त्याच यादीत आहेत. ज्या परंपरेत देहाची सजावट इतकी मुळापासून सोडली जाते, तिच्या दृष्टीने दात पांढरे करण्याची हौस हीच दुखण्याची मुळी आहे. मग फांद्यांवर औषध कशाला, मुळीच उपटून टाकावी. वैदिक परंपरेतही असा सूर आहे. गौतम धर्मसूत्र ब्रह्मचाऱ्याने टाळायच्या गोष्टींत अंजन आणि अभ्यंगाबरोबर दंतधावनही घालतं. या आक्षेपात सत्य आहे, आणि ज्यांना तो मार्ग धरता येतो त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण मुनीचं व्रत हे त्याने स्वतः, स्वतःपुरतं, गुरूसमोर घेतलेलं असतं. त्याच जैन परंपरेने श्रावकासाठी अणुव्रतं वेगळी ठेवली, कारण गृहस्थाचं जगणं वेगळं आहे हे तिला ठाऊक होतं. मुनीच्या वैराग्याची पट्टी संसारी पोरीच्या दाताला लावणं म्हणजे व्रत न घेतलेल्याकडून व्रताची वसुली करणं. शिवाय ते लावणारे स्वतः रोज सकाळी ब्रश करतात. बुद्धाच्या विनयात याबाबतीत मला फार समतोल विचार दिसतो. चुल्लवग्गात तो भिक्खूंना दातकाडी वापरायची परवानगी देतो, तिचे पाच फायदे सांगतो, ती आठ अंगुळांहून लांब नसावी आणि चार अंगुळांहून आखूड नसावी हेही ठरवून देतो. आणि त्याच संघात प्रव्रज्या घेणाऱ्याला ध्यानासाठी पहिले पाच विषय दिले जातात: केस, लव, नखं, दात, त्वचा. दाताची काळजी घ्यायची आणि दातावर जीव जडू द्यायचा नाही, या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी सांगितल्या गेल्या. एकीसाठी दुसरी सोडावी लागली नाही.

याहून अवघड आक्षेप वारकरी परंपरेतून येतो आणि तो थेट नामदेवांच्या चरित्रातला आहे. संतमेळ्यात गोरा कुंभारांनी, म्हणजे गोरोबाकाकांनी, थापटणं हातात घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव कळवळले, आणि हे मडकं अजून कच्चं आहे असा निवाडा झाला. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण ती प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. तिचा सरळ अर्थ असा घेतला जातो की पक्का माणूस दुखलं तरी बोलत नाही, जो बोलतो तो कच्चा. हा अर्थ खरा असेल तर माझं सगळं म्हणणं कोसळतं. पण गोष्टीत कच्चेपण कशात दाखवलं आहे? विठ्ठल माझ्याशी बोलतो, मग मला ही वागणूक का, या अभिमानात. थापटीने डोकं दुखलं म्हणून नामदेवांना कुणी कमी लेखलं नाही. मान दुखावला म्हणून लेखलं. याचा पुरावा पुढच्या प्रसंगातच आहे. नामदेवांना कुठे पाठवलं गेलं? सोसायला शिकवणाऱ्या एखाद्या हठयोग्याकडे नव्हे. त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं गेलं. तिथे म्हातारे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हरकत घेतल्यावर ते म्हणाले की मी थकलो आहे, मला पाय उचलवत नाहीत, तूच ते उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेव पाय जिथे जिथे ठेवू लागले तिथे तिथे पिंड उभी राहिली, असं कथा सांगते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयातून ही गोष्ट महाराष्ट्रभर पोचली.

या कथेतून देव सर्वत्र आहे हा बोध आपण नेहमी घेतो आणि तो योग्यच आहे. पण मला तिच्यातली दुसरी गोष्ट तितकीच मोलाची वाटते. ज्या गुरूकडे पक्कं व्हायला पाठवलं, तो गुरू पहिलीच गोष्ट बोलतो ती आपल्या देहाच्या थकव्याची, आणि मदत मागतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. कथेतलं हे निमित्त लीलेचं होतं असं म्हटलं, तरी कथाकाराने लीलेसाठी निवडलं ते वृद्ध देहाचं न उचलणारं पाऊल. आणि ज्ञान झालं ते कुठे? दुसऱ्याचे दुखरे, जड पाय हातात घेऊन ते ठेवायला जागा शोधताना. जिथे देव नाही अशी जागा नामदेवांना सापडली नाही. हौसेने उजळवलेल्या दाताची नस ही तशी जागा आहे, असं म्हणणाऱ्याने औंढ्याच्या या गोष्टीला काय उत्तर द्यायचं ते सांगावं.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की अशी आस्था दाखवली तर हौसेला ऊत येईल. मला ही भीती अनाठायी वाटते, कारण हौस जिथून येते तिथे आस्था नसतेच, लाज असते. बुद्धाने सल्ल सुत्तात दोन बाणांचा विचार मांडला आहे: देहाला होणारी वेदना हा पहिला बाण, आणि तिच्यामागून मन जो शोक करतं, तळमळतं, तो दुसरा. दात उजळवण्याच्या बाबतीत हा क्रम उलटतो, असं मला वाटतं. मनाचा बाण आधी लागलेला असतो. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी हसायला लावून दात पाहिलेले असतात, फोटोत तोंड मिटून ठेवायची सवय लागलेली असते, चहा, हळद, तंबाखू आणि पाणी यांनी दिलेला रंग स्वतःचा दोष वाटायला लागलेला असतो. त्या बाणाची जखम बुजवायला माणूस जेल लावून घेतो आणि मग देहाचा बाण लागतो. आणि ज्या पांढऱ्या रंगासाठी हे चाललं आहे तो काही सनातन नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत दात, वस्त्रं आणि अंग रंगवणं ही एक कला मोजली आहे. याच महाराष्ट्रात सवाष्णी दातवण लावून दात काळे करत आणि ते सौभाग्याचं, सौंदर्याचं लक्षण मानलं जाई. जपानमध्येही एकोणिसाव्या शतकापर्यंत विवाहित स्त्रिया दात काळे करत. निसर्गतः निरोगी दाताचा रंग किंचित पिवळसरच असतो, कारण अर्धपारदर्शक इनॅमलमधून खालचं पिवळं डेंटिन दिसतं. तेव्हा टीका करायचीच असेल तर ती या मापदंडावर करावी, मुलीचे दात पाहणाऱ्या डोळ्यांवर करावी. ज्याला तो मापदंड टोचला आणि त्यापायी ज्याचा दात दुखतो आहे, त्याच्यावर करणं म्हणजे जखमीलाच जाब विचारणं.

आणखी एक आक्षेप मला सगळ्यात न्याय्य वाटतो: ज्या भागात साधी दाढ किडली तरी माणसं सूज येईपर्यंत अंगावर काढतात, तिथे हौसेच्या दुखण्याचा विचार ही चैन नाही का? सरकारी दवाखान्याचा पैसा आणि वेळ आधी किडीला, सुजेला, तंबाखूने तोंडात आलेल्या चट्ट्यांना गेला पाहिजे, यात वादच नाही. पण मी इथे पैशाची वाटणी मागत नाही. या कळेवर लागतं ते बहुतांशी ज्ञान, आणि ते वाटून कमी होत नाही. आणि जिथे “सोस” हा शब्द हौसेच्या कळेला चालतो, तिथे तोच शब्द उद्या किडलेल्या दाढेलाही लावला जातो. दाढ अंगावर काढण्याची सवय याच शब्दातून आली आहे.

ते ज्ञान असं. जेल लावण्याआधी दंतवैद्याने कीड, भेग, उघडी पडलेली मुळं पाहून घ्यावीत. ती असतील तर आधी त्यांचा इलाज. दात आधीपासून सणकत असतील तर पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट दोनेक आठवडे आधीपासून वापरावी. पोटॅशियम नसेची उत्तेजना कमी करतं, पण त्याला दिवस लागतात. कळ आल्यावर एकदा लावून गुण येत नाही. कळ आली की जेल थांबवावं. मग एक दिवसाआड, कमी वेळ, कमी तीव्रतेचं, असं दंतवैद्याला विचारून पुन्हा सुरू करता येतं. दात थोडे उशिरा उजळतात, एवढंच. फ्लोराइडचा लेप दवाखान्यात लावून मिळतो. त्या दिवसांत पाणी कोमट प्यावं, चिंच, लिंबू, आमसूल आणि बाटलीतली सरबतं टाळावीत, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा. हळदीचं जेवण दोन दिवस टाळायला सांगतात ते मात्र कळेसाठी नव्हे, डागासाठी. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीच्या मुलखात हे पथ्य पाळणं अवघड, म्हणून ते आधीच माहीत असलेलं बरं. लिंबू-मीठ, कोळशाची पूड, मिश्री यांनी दात पांढरे होत नाहीत, झिजतात, आणि झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त दंतवैद्यामार्फत द्यायची आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायची नाहीत, असा नियम केला आहे. आपल्याकडे ऑनलाइन मागवलेल्या पुडक्यावर किती टक्के लिहिलं आहे हे निदान वाचून पाहावं, आणि लिहिलंच नसेल तर ते तोंडात घालू नये.

लग्नाची तारीख जवळ आली म्हणून शेवटच्या आठवड्यात दात उजळवायला येणाऱ्यांना थांबायला सांगण्याचं धैर्य दंतवैद्यांनी दाखवावं, आणि कळ येऊ शकते हे पैसे घेण्याआधी, स्वच्छ मराठीत सांगावं. घरच्यांनी “कशाला केलंस” हा प्रश्न कळ थांबेपर्यंत बाजूला ठेवावा. तो नंतर विचारता येतो आणि नंतरच त्याचं खरं उत्तर मिळतं. आणि ज्याचा दात दुखतो आहे त्याने एवढं लक्षात ठेवावं: दात उजळवल्यानंतरची कळ साधारणपणे अनेक दातांत असते, येते आणि जाते, आणि उपचार थांबवल्यावर कमी होत जाते. ती दोन आठवड्यांपुढे राहिली, एकाच दातात रुतून बसली किंवा रात्री झोपेतून उठवू लागली, तर तिचं कारण बहुधा दुसरंच असतं, आणि तो दात उशीर न करता दाखवायला हवा.